वाद्यांचे नादशास्त्र आणि मैफल

मराठीत संगीतविषयक लेखनाची वाण आहे, असे कोणास म्हणता येणार नाही. पंडित भातखंडे ह्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा पहिला भाग १९१० साली निघाला आणि चौथा १९३२ साली, गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहिलेला हा ग्रंथ आजही कंटाळा न येता वाचता येतो, हे त्याचे यश थोडे नव्हे. त्यानंतर गोविंदराव टेंबे ह्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९), केशवराव भोळे आणि बा. र. देवधर ह्यांची गायकांविषयीची पुस्तके, वामनराव देशपांडे ह्यांची ‘घरंदाज गायकी’ (१९६१), अशी एक समृद्ध परंपरा आपल्यापुढे आहे. तथापि हे सारे लेखन जणू दोन स्वतंत्र दालनांत मांडलेले आहे, आणि त्या दालनांमधले दार बहुधा बंदच असते.

पहिल्या दालनात गणित आहे. तेथे श्रुतींची गुणोत्तरे, तारेच्या लांबीची मापे आणि आंदोलनसंख्या ह्यांचा संसार चाललेला असतो. षड्जाची आंदोलने २४०, पंचमाची ३६०, तार षड्जाची ४८०. ३६ इंच लांबीच्या तारेवर अमुक स्वर अमुक इंचांवर, हे विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत उतरवून येतो. दुसऱ्या दालनात मैफल आहे. तेथे बुवांचा षड्ज लागताच सभा स्तब्ध होते, तंबोरे ‘बोलू’ लागतात, तबला ‘स्वरात न्हातो’. दोन्ही दालनांतील लेखन वाचणाऱ्या मनुष्यास हे दोघे लेखक एकाच घटनेविषयी लिहीत आहेत, अशी शंकादेखील यावयाची नाही. पहिल्यास गाणे ऐकू येत नाही आणि दुसऱ्यास वाद्य दिसत नाही, असे थोडे कठोरपणे म्हटले तरी चालेल.

आमचे म्हणणे असे की, वाद्याच्या नादाचा अभ्यास आणि त्या वाद्याच्या समूहातील प्रत्यक्ष वर्तनाचा अभ्यास हे दोन विषय नाहीत. तंबोरा, तबला, पेटी, सारंगी ही वाद्ये एकट्याने वाजण्यासाठी घडलेलीच नाहीत. त्यांच्या घडणीतील जे विशेष शास्त्रज्ञाला एकांतात नवलाचे वाटतात, त्यांचे प्रयोजन दुसऱ्या वाद्याच्या किंवा कंठाच्या शेजारीच उमगते. हा विचार आपल्याकडे नवा आहे असेही नाही. नाट्यशास्त्रातील चतुःसारणेचा प्रयोग पाहावा. भरताने श्रुती सिद्ध करण्यासाठी एक वीणा घेतली नाही, दोन घेतल्या. दोन्ही सारख्या जुळवावयाच्या, एक अचल ठेवावयाची, दुसरी पायरीपायरीने उतरवावयाची, आणि उतरलेल्या वीणेचा कोणता स्वर स्थिर वीणेच्या कोणत्या स्वरात जाऊन मिळतो हे कानाने ठरवावयाचे. येथे मोजपट्टी नाही. माप म्हणजे दोन सजीव वाद्यांमधला संबंध. सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीतपारिजाता’त तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने सांगितली, तेव्हा मोठी सोय झाली हे खरे. परंतु सोय झाली की मूळ प्रश्न विसरतो, हाही अनुभव जुनाच आहे. एका तारेवर स्वर मोजता येऊ लागले आणि दुसरी वीणा हळूच बाजूला पडली.

ह्या विसरण्याची किंमत कोठे मोजावी लागली, ह्याचे उदाहरण बडोद्याचे आहे. १९१६ च्या मार्चमध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली तेथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. कृष्णाजी बल्लाळ देवल ह्या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी १९१० साली बावीस श्रुतींवर आपले पुस्तक प्रसिद्ध केले होते. सनदी अधिकारी क्लेमंट्स ह्यांचे १९१३ साली आले. ह्या उभयतांनी शुद्ध गुणोत्तरांवर बेतलेली श्रुतिहार्मोनियम पुरस्कारिली, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या थोर गायकाचे साह्य देवलांना लाभले होते. परिषदेत ह्या पेटीवर मोठा वाद माजला. पेटीच्या स्वरांना गाणाऱ्यांच्या गळ्यासमोर उभे राहावे लागले, आणि परिषदेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली नाही. ह्या प्रसंगाकडे आपले लेखक बहुधा दोन पक्षांचा सामना म्हणून पाहतात: भातखंडे जिंकले, देवल हरले. आम्हांस त्यात निराळाच अर्थ दिसतो. देवलांचे कष्ट खरे होते आणि गायकाचा स्वर मापून पाहण्याची त्यांची बुद्धी तर त्या काळात दुर्मिळ होती. त्यांचा पक्ष लंगडा पडला तो एवढ्याचसाठी की, एकदा मापलेला स्वर कायम झाला असे त्यांनी धरले. भातखंडे लक्ष्यसंगीताचे, म्हणजे प्रचारात असलेल्या गायनाचे, अभिमानी. पण त्यांच्या पक्षानेही गळ्याचा निर्णय मान्य करून प्रश्न मिटविला, उलगडला नाही. पेटी आणि गळा एकत्र आले असता नेमके काय घडते, हे विचारण्याचे दोघांकडूनही राहून गेले.

ते काय घडते, हे एका गंधाराच्या साध्या हिशेबाने सांगता येईल. षड्ज २४० धरला तर शुद्ध गुणोत्तराचा गंधार ३०० आंदोलनांचा. नेहमीच्या पेटीतला, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग पाडून मिळणारा, गंधार सुमारे ३०२.४. फरक अडीच आंदोलनांहूनही कमी. आता शेजारी तंबोरा ठेवा. त्याच्या खर्जाच्या तारेची आंदोलने १२०, आणि त्या तारेतून आपोआप निघणारा पाचवा स्वयंभू स्वर ६००, म्हणजे गंधाराचाच वरचा अवतार. चांगल्या तंबोऱ्यात हा गंधार कोणी न छेडता कानी येतो, हे सर्वश्रुत आहे. पेटीच्या गंधाराचा दुसरा स्वयंभू ६०४.८. हे दोन नाद एकत्र आले की सेकंदाला जवळजवळ पाच वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. ह्यालाच पाठ्यपुस्तकात विस्पंद म्हणतात आणि मैफलीत ‘पेटी भांडते’ म्हणतात.

पण हे भांडण केव्हा ऐकू येते? विलंबित ख्यालात गायक गंधारावर न्यास करून तीन सेकंद थांबला, तर त्या अवधीत पंधराएक हेलकावे होतात. ज्याला कान आहे त्याला ते असह्य होतात. तोच गायक द्रुतात सेकंदाला आठ स्वरांची तान घेऊ लागला, तर गंधाराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा हिस्सा येतो, आणि एक हेलकावा पुरा व्हावयास पाचवा हिस्सा लागतो. भांडण सुरू होण्यापूर्वीच स्वर निघून जातो. म्हणजे पेटीचा दोष हा पेटीत नाही, तसा तो कोणाच्या कल्पनेतही नाही; तो लय, न्यास आणि तंबोऱ्याची जुळणी ह्यांच्या संगमात आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीस साथीतून हद्दपार केले आणि १९७१ च्या सुमारास ती बंदी सैल केली, ह्या मधल्या तीस वर्षांत ह्या वादावर जे शब्द खर्ची पडले, त्यांत ही साधी गोष्ट किती जणांनी विचारात घेतली असेल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक. त्यांच्या लेखनात साथीविषयीचे जे अनुभव येतात ते पुढील अभ्यासकाने हिशेबाच्या कागदाशेजारी ठेवावयास हवे होते. आपण ते आठवणी म्हणून वाचले आणि मिटून ठेवले.

जो कागद शेजारी ठेवावयाचा, तो भारतात कलकत्त्यास तयार झाला होता. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांची कीर्ती प्रकाशाच्या संशोधनाची, आणि १९३० चे नोबेल पारितोषिक त्याचेच. परंतु त्याआधीची कित्येक वर्षे त्यांनी तार आणि चामडे ह्यांच्या नादास दिली होती. व्हायोलिनच्या अभ्यासासाठी तर त्यांनी वाजविणारा मनुष्यच काढून टाकला आणि यंत्राने वाजणारे व्हायोलिन रचले. गज जागच्या जागी, आणि वाद्य त्याखालून पुढेमागे सरकणारे! एकांतातील अभ्यासाचे ह्याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण. गजाचा दाब, वेग आणि जागा ही एकेक करून बदलावयाची तर दुसरा मार्ग नाही, हेही मान्य केले पाहिजे. ज्यांना प्रयोगशाळा म्हटली की कलेचा विटाळ झाल्यासारखे वाटते, त्यांच्याशी आमचे जमत नाही.

१९२१ साली रामन ह्यांनी तंबोरा आणि वीणा ह्यांवर एक छोटासा निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या स्वयंभू स्वरांचा निश्चल भाग पडतो ते स्वर उमटू नयेत, असा युरोपीय नादशास्त्राचा नियम. म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे स्वयंभू गप्प राहिले पाहिजेत. तंबोरा हा नियम पाळत नाही, असे रामन ह्यांस आढळले. कारण घोडी. इतर वाद्यांत तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते, आणि कंप पावणारी तार त्या बाकावर क्षणोक्षणी लपेटते आणि सुटते. घोडी आणि तार ह्यांमध्ये सूत सारून कारागीर तिची अचूक जागा शोधतो, आणि त्या जागी खालच्या स्वरांतील शक्ती वरच्या स्वरांकडे वाहू लागते. हीच जवारी.

येथपर्यंत प्रयोगशाळा पुरते. पण जवारी कशासाठी, हा प्रश्न तिला पडत नाही. गोडव्यासाठी, असे मैफलीचा लेखक सांगेल, आणि तेही खरेच आहे. आम्हांस त्यात आणखी एक व्यवहार दिसतो. गवयाच्या मागे एक तंबोरा नसतो, दोन असतात. समजा, दोहोंच्या जोडीच्या तारांत सेकंदाला एकपंचमांश आंदोलनाचा फरक राहिला आहे. मूळ स्वराचा हेलकावा तेव्हा पाच सेकंदांनी एकदा येईल. तेवढा वेळ तार टिकतेच असे नाही, आणि कानास हा दोष उमगावयाचा नाही. परंतु दहाव्या स्वयंभूत तोच फरक दहापट होतो आणि सेकंदाला दोन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. जवारी जितकी उघडी, तितके हे वरचे स्वर बलवान, आणि तितकी जुळणीतली चूक लवकर पकडली जाते. दोन तंबोरे जुळविणारा शिष्य मणी केसभर खालीवर करीत ज्याची वाट पाहत असतो ते हेच: वरचे हेलकावे थांबण्याची. म्हणून जवारी ही जशी शोभा तशीच पारखही आहे, आणि पारखीचे तिचे काम दुसऱ्या तंबोऱ्यावाचून सुरूच होत नाही. विजेच्या तंबोऱ्याविषयी तक्रारी करताना आपण त्याच्या आवाजाच्या कोरडेपणास नावे ठेवतो. खरी हानी आम्हांस वेगळी वाटते. त्याला जुळवावे लागत नाही, आणि म्हणून ते हेलकावे ऐकण्याची शिष्याची पाळीच येत नाही.

तबल्याचे तसेच आहे, किंबहुना तेथे हा मुद्दा अधिक ठसठशीत होतो. सर्वत्र सारख्या जाडीच्या ताणलेल्या चामड्यातून जे नाद निघतात त्यांची एकमेकांशी गुणोत्तरे १, १.५९, २.१४, २.३० अशी वेडीवाकडी असतात; म्हणून साध्या ढोलाचा आवाज नुसता ‘ढम्’ असतो, त्यात स्वर ठरत नाही. मृदंग आणि तबला ह्यांच्या शाईने हा स्वभाव बदलला. रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार ह्यांनी १९२० साली हे प्रथम दाखविले, आणि १९३४ साली रामन ह्यांनी त्याची सविस्तर मांडणी केली. चामड्यावर बारीक वाळू भुरभुरून तिच्या रेषा कशा जमतात ते पाहिले, तेव्हा निरनिराळे नऊ कंपनप्रकार पाच स्वरांत गोळा झालेले आढळले, आणि ते पाच स्वर १, २, ३, ४, ५ ह्या शुद्ध प्रमाणात. शाईचे थर देणाऱ्या कारागिराला गणित येत नव्हते. त्याला इतकेच ठाऊक की, एक थर द्यावा, घोटावा, वाजवून पाहावा, मग दुसरा.

हा शोध आता आपल्या पाठ्यपुस्तकांत आला आहे. ‘भारतीय चर्मवाद्यांचे वैशिष्ट्य’ म्हणून तो अभिमानाने सांगितला जातो, आणि तेवढ्यावरच थांबतो. पण ठेका धरावयाला स्वर कशाला हवा? लय तर टाळीनेही दाखविता येते. चामड्याकडून तारेसारखे वर्तन करवून घेण्याचे एवढे कष्ट एखाद्या कारागीरपरंपरेने का घ्यावेत? ह्याचे उत्तर तबल्याकडे पाहून मिळत नाही. गवयाकडे पाहून मिळते. ज्या संगीतात एकच षड्ज तास दीड तास अखंड घुमत असतो, त्यात दर मात्रेला पडणारा आघात बेसूर असेल तर तो प्रत्येक वेळी त्या षड्जाला ओरखडा काढील. युरोपच्या वाद्यवृंदातील नगारे स्वरात लावतात, परंतु ते अधूनमधून बोलतात. तबला घटकाभरही गप्प बसत नाही. म्हणून तबलजी गजऱ्यावर आणि गट्ट्यांवर हातोडी मारीत घराघराचा स्वर पारखतो, आणि मालकंसासारखा पंचमवर्ज्य राग निघाला की कोणी तबला मध्यमातही लावतो. ‘ना’ वाजविताना अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते. ती टेकली नसती तर मूळ स्वर उठला असता. टेकते म्हणून तो दबतो, आणि कानाला त्याच्या वरचा दुसरा स्वयंभू मिळतो. षड्जात लावावयाचा तो हाच. रामन ह्यांनी त्या बोटाचे भौतिक स्पष्टीकरण दिले. ते बोट तेथे कोणाच्या सोबतीसाठी टेकले आहे, हे संगीताच्या लेखकाने सांगावयाचे होते.

असा उलट अभ्यास, म्हणजे चालू मैफलीत जाऊन मोजमाप करणे, फार उशिरा आणि बहुतेक परक्यांनी केला. जयरझभॉय आणि स्टोन ह्यांनी १९६३ साली उत्तर हिंदुस्थानी कलावंतांच्या वादनगायनातील स्वरांची मापे घेतली, तेव्हा एकाच कलावंताचा तोच स्वर एकाच मैफलीत जागा बदलतो असे दिसले. देवलांच्या पेटीला त्यात उत्तर मिळाले, सत्तेचाळीस वर्षांनी. मार्टिन क्लेटन ह्यांचा २००७ सालचा निबंध आम्हांस त्याहूनही महत्त्वाचा वाटतो. ख्यालगायनाची चलच्चित्रे चौकटीगणिक तपासून त्यांनी तंबोरे छेडणाऱ्या हातांची गती मोजली. तंबोरा लयीत वाजवावयाचा नसतो; दोघांनी एकमेकांशी ताल जुळवावा अशीही अपेक्षा नसते; शिष्यांना तर तसे न करण्याबद्दल बजावलेले असते. तरीही, काही काळ, दोन हातांच्या फेऱ्या नकळत एकमेकांत अडकतात, असे दिसून आले. तारेचे भौतिकशास्त्र कितीही खोल शिकले तरी हे कळावयाचे नव्हते, आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्या रसिकालाही ते दिसले नव्हते.

मैफलीतील आणखी एक भागीदार म्हणजे हवा. तिच्याविषयी आपले लेखक जवळजवळ मुके आहेत. आवाजाचा वेग उष्णतेबरोबर वाढतो, आणि त्यामुळे बासरीचा स्वर दर अंश सेल्सियसला सुमारे तीन सेंटांनी चढतो. सप्तकाचे बाराशे भाग केले म्हणजे त्यातला एक भाग तो सेंट. ज्या प्रमाणश्रुतीवरून ग्रंथकार हातघाईवर येतात ती सुमारे साडेएकवीस सेंटांची. म्हणजे बासरीच्या नळीतील हवा सात-आठ अंशांनी तापली की बासरी एका प्रमाणश्रुतीने वर गेलेली असते. तापलेली तार मात्र सैल पडून उतरते, आणि चामडे ओलाव्याने ढिले होऊन कोरड्या उष्णतेने ताणते. माणसांनी भरलेल्या दिवाणखान्यात वाद्ये अशी तीन दिशांना पांगू लागतात, आणि मध्यंतरात जी ठोकठोक आणि पिळापीळ चालते ती त्यांना पुन्हा एका ठिकाणी आणण्यासाठी. श्रुतींचे कोष्टक लिहिणाऱ्याने एकदा तरी ह्या मध्यंतरात बसून पाहावे.

श्रोते स्वतःदेखील वाद्यच असतात, हे अमेरिकेत वॉलेस सॅबाइन ह्यांनी १८९५ पासून केलेल्या प्रयोगांनी सिद्ध झाले. हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबाइन ह्यांनी शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री उचलून आणून तेथे अंथरल्या आणि घुमारा किती घटतो ते मोजले. निरीक्षकाच्या अंगावरचे कपडेही माप बिघडवितात असे लक्षात आल्यावर ते नेहमी ठरावीक पोशाखातच प्रयोग करू लागले. आणि मग, हे विशेष, १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षेत त्यांनी पियानो असलेल्या खोल्यांमध्ये संगीतज्ञांना बसवून गाद्या कमीजास्त केल्या आणि कोठे बरे वाटते ते विचारले. त्या संगीतज्ञांची उत्तरे एकमेकांशी आश्चर्यकारकरीत्या जुळली: सरासरी १.०८ सेकंद. कान आणि घड्याळ एका खोलीत बसविण्याची ही रीत आपल्याकडे रुजली असती तर बडोद्याच्या वादाचे स्वरूप वेगळे झाले असते, असे वाटते.

शास्त्रीय मैफलीबाहेरही हेच प्रश्न आहेत, आणि तेथे ते अधिक निकडीचे आहेत. गोव्याचे घुमट घ्या. मातीचे भांडे, एका तोंडावर कातडे, दुसरे अरुंद तोंड उघडे. उजवा हात कातड्यावर, डावा उघड्या तोंडावर. ते जितके झाकावे तितका घुमारा खाली उतरतो. कातडे पूर्वी घोरपडीचे असे. वन्य जीवांच्या संरक्षणाचा १९७२ चा कायदा झाल्यावर ते वापरणे गुन्हा ठरले आणि बकरीचे आले. २०१९ साली गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. बकरीचे कातडे तितके चांगले लागते की नाही, ह्यावर वाद चालतात. पण एक घुमट हातात धरून त्याचा निकाल लावणे आम्हांस निरर्थक वाटते. घुमटआरतीत घुमटे अनेक असतात, सोबत काठ्यांनी वाजणारे शामेळ, कांसाळ्यांची किणकिण, आणि ह्या सर्वांवर चढलेले गळे. कातड्यातला बदल त्या गजरात कोठे भरून निघतो आणि कोठे उघडा पडतो, हे तेथेच, गणेशोत्सवाच्या दमट हवेत, कान आणि यंत्र दोन्ही लावून पाहिले पाहिजे. हा काही विलायतेतून येणाऱ्या अभ्यासकाची वाट पाहत ठेवण्याचा विषय नव्हे.

आता शब्दांविषयी थोडे, कारण हे पत्र साहित्याचे आहे. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत संनादी, विस्पंद, अनुनाद असे शब्द आहेत. घडणीस ते निर्दोष आहेत, पण ते नादकाट्यांच्या जोडीवर शिकविले जातात आणि तेथेच राहतात. गवयांकडे स्वयंभू स्वर, आस, घुमारा, जवारी हे शब्द आहेत. वाद्यकारांकडे शाई, लव, चाट, गजरा, घोडी, सूत, मणी. मिरजेस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार ह्यांच्यापासून तंबोरे घडविण्याची जी परंपरा चालू झाली, तिच्या वंशजांनी ‘सतारमेकर’ हे आडनाव घेतले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनाने नाव राखले जाते. जवारी उघडी, बंद, गोल म्हणजे नेमके काय, हे सांगणारी भाषा त्याने राखली जात नाही. ही भाषा आज दुकानाच्या उंबरठ्याच्या आत आहे, आणि ‘विस्पंद’ शाळेच्या आत. तंबोरा जुळविणारा शिष्य रोज विस्पंद ऐकतो आणि त्याला तो शब्द ठाऊक नाही. विज्ञानाचा विद्यार्थी तो शब्द रोज लिहितो आणि त्याने तंबोरा जुळविलेला नाही.

हे दोन्ही ज्यांच्या ठायी एकत्र आले असे एक नाव घेणे अगत्याचे आहे. गणेश हरी रानडे हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आणि संगीताचे जाणकार. १९३८ साली त्यांनी हिंदुस्थानी संगीतावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच्या शीर्षकातच पदार्थविज्ञान आणि सौंदर्यविचार हे दोन शब्द शेजारीशेजारी बसविले. हा त्यांचा मुख्य ग्रंथ मात्र इंग्रजीत आहे. वामनराव देशपांडे ह्यांनी घराण्यांची मीमांसा स्वर आणि लय ह्या दोन टोकांमध्ये मांडली आणि आवाजाच्या लगावाचे महत्त्व ओळखले. मराठी संगीतसमीक्षेस त्यांनी दिलेले वळण मोठेच आहे. पण त्यांच्या मांडणीतही गायक एकटा आहे. त्याच्यामागचे तंबोरे, पेटी आणि तबला त्याच्या स्वराला काय करतात, त्याचा लगाव त्यांच्यामुळे बदलतो काय, हा प्रश्न त्या चौकटीत शिरत नाही. किराण्याचा स्वर आणि उघड्या जवारीचा तंबोरा ह्यांचे काही नाते असेल काय? आग्र्याच्या बोलतानांना पेटी कमी खटकत असेल काय? वरील हिशेबावरून तसे वाटण्यास जागा आहे. परंतु हे मापून आणि ऐकून ठरावयाचे आहे.

अध्यापकांच्या हाती ह्यातले पुष्कळ आहे. बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ साली संगीतशाळा उघडली, ग्वाल्हेरीस १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. अशा जुन्या विद्यालयांतून तंबोरे दोन असतातच, पेटीही असते, आणि आंदोलने मोजणारे साधन आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनमध्ये असते. ‘तंबोऱ्याची सचित्र रचना लिहा’ ह्या प्रश्नाऐवजी विद्यार्थ्यास दोन तंबोरे जुळवावयास सांगावेत, मग त्यांशेजारी पेटीचा गंधार दाबून हेलकावे मोजावयास सांगावेत, आणि नंतर तोच गंधार वर्गातल्या दुसऱ्या मुलाने आधी न्यासात व मग द्रुत तानेत गावा. पखवाज असेल तर त्याच्या डाव्या तोंडाला कणीक लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर धृपद म्हणून पाहावे. कणीक किती लावावी हे कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही; वादक गवयाचा षड्ज ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा थाप देतो, पुन्हा थोडी लावतो, आणि गाणे संपले की ती खरवडून टाकतो.